या तेलात आधी काय तळलं?

कँटीनच्या स्टोअरमध्ये सकाळचं पहिलं काम म्हणजे पोती आणि पुडे फोडायचं. चाकणजवळ म्हाळुंग्याच्या ज्या कारखान्यात आमचं जेवणाचं कंत्राट आहे, तिथे फर्स्ट शिफ्टचा नाश्ता वेळेत लावायचा तर स्टोअरवाल्याला पहाटे चारलाच कात्री घेऊन बसावं लागतं. हिंगाचा डबा, गरम मसाल्याचे पुडे, सोया चंक्सची पिशवी, ग्रेव्हीच्या तयार पावडरचं पोतं, सगळं स्टीलच्या डब्यांत ओतलं जातं. डब्यांवर मार्करनं ‘हिंग’, ‘मसाला’ एवढंच लिहिलेलं. रिकाम्या पिशव्या कोपऱ्यातल्या बारदानात, आणि ते बारदान भरलं की भंगारात. पूर्वी त्यासाठी कुदळवाडीचा माणूस यायचा. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेनं तिथली भंगाराची गोदामं पाडली, तेव्हापासून दुसरा कोणी येतो. पिशवीच्या पाठीवर घटक, बॅच, परवाना क्रमांक असं जे काही बारीक अक्षरात छापलेलं असतं, त्याचं आमच्याकडचं आयुष्य एवढंच.

खाद्यपदार्थांतल्या ॲलर्जीच्या घटकांवर बोलताना सगळे दोनच पात्रं धरून चालतात. एक पॅकेट आणि एक गिऱ्हाईक. ‘लेबल वाचा’ म्हटलं की जागरूकता झाली. पण निगडीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात शिफ्टला जेवणाऱ्या माणसासमोर पॅकेट येतच नाही, ताट येतं. त्या ताटातल्या दहा वस्तूंपैकी सात कधीतरी पॅकेटमध्ये होत्या, आणि नियमाप्रमाणे त्यांवर सगळं लिहिलेलंही होतं.

मी क्वालिटीचं काम करते. कँटीनच्या धंद्यात येण्याआधी भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात होते. चिक्की, लाडू, भडंग, चिवडा. थोडा माल इथल्या दुकानांना, थोडा परदेशी. लेबलचा मजकूर छापायला जाण्याआधी माझ्याकडे यायचा. एकाच पाकात ओढलेली तीळ-शेंगदाण्याची चिक्की, पण लेबलं तीन. इंग्लंडला जाणाऱ्या पाकिटावर घटकांच्या यादीतच तीळ आणि शेंगदाणे ठळक टाइपात हवेत; तिथल्या ॲलर्जीच्या यादीत १४ पदार्थ आहेत, त्यांत तीळ आहेत आणि मोहरीसुद्धा. अमेरिकेनं तीळ आपल्या यादीत घेतले ते १ जानेवारी २०२३ पासून, नववा पदार्थ म्हणून. आपल्या यादीत मात्र तीळ नाहीत. २०२० साली अधिसूचित झालेल्या आणि जुलै २०२२ पासून लागू झालेल्या लेबलिंगच्या नियमांत आठ गट आहेत: गहू, राय, बार्ली, ओट्स अशी ग्लूटेनची धान्यं; कोळंबी-खेकड्यांसारखे कवचवाले जलचर; दूध; अंडी; मासे; शेंगदाणे आणि काजू-बदामाचा सुकामेवा; सोयाबीन; आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट. यांपैकी काही असेल तर ‘कंटेन्स’ म्हणून वेगळ्या ओळीत सांगायचं.

संक्रांतीला घरोघरी तीळ वाटणाऱ्या मुलखात तीळ कोणाला बाधत नसतील असं थोडंच आहे. चिक्कीत ते डोळ्यांना दिसतात, त्यामुळे तिथे फारसं बिघडत नाही. बिघडतं गोड्या मसाल्यात. गोड्या मसाल्यात तीळ असतातच. पण एखाद्या पदार्थात तयार मसाला पाच टक्क्यांहून कमी असेल, तर त्या मसाल्याच्या पोटातले घटक वेगळे लिहायची सक्ती नाही. त्यातले ॲडिटिव्ह तेवढे सांगावे लागतात. यादीतल्या आठांपैकी काही त्यात असेल तर ते ‘कंटेन्स’च्या ओळीत येतं. तीळ यादीतच नसल्यामुळे तिथेही येत नाहीत. म्हणजे सगळे नियम पाळूनही ‘मसाले’ या एका शब्दाखाली तीळ राहू शकतात. तेलाचंही तसंच. यादीतल्या पदार्थांपासून काढलेल्या तेलाला ॲलर्जीच्या ओळीतून सूट आहे. रिफाइंड तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, हे खरं. पण हल्ली चिंचवड-निगडीत जागोजागी लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल मिळतं, आणि ते रिफाइंड नसतं, म्हणूनच तर लोक जास्त पैसे देऊन घेतात. शेंगदाणा सोसत नाही त्यानं घाण्याच्या तेलापासून लांब राहावं, हे मी ओळखीच्या सगळ्यांना सांगते.

‘मे कंटेन’चा किस्सा वेगळाच. एकाच मशीनवर दोन पदार्थ होत असतील आणि एकाचा अंश दुसऱ्यात जाण्याची शक्यता असेल, तर तसं सांगावं, असा नियम आहे. अंश जात नाही हे जोखीम तपासून दाखवता आलं, तर सांगायची गरज नाही. मशीन धुणं, धुतल्यावर स्वॅब घेणं, कोणत्या मालामागून कोणता माल घ्यायचा याचा क्रम लावणं, यात वेळ जातो. त्यापेक्षा आठही नावं छापून टाकणं स्वस्त पडतं. आमच्या मालकांनी एकदा चिक्कीच्या पाकिटावर मासे आणि कोळंबीसुद्धा घालायचं ठरवलं होतं. “राहू दे मॅडम, नंतर लफडं नको.” मासे मी काढायला लावले. बाकीची नावं राहिली.

पाकिटावर ग्राहकांसाठी जो फोन नंबर छापायचा असतो, तो माझ्या टेबलावर वाजायचा. लोक चौकस नसतात असं कोणी म्हणालं, की मला ते फोन आठवतात. यात कांदा-लसूण आहे का? राजगिऱ्याच्या लाडवाला तूप कसलं? हा कोड नंबर म्हणजे चरबी का? वजन दहा ग्रॅम कमी भरलं, दुकानदार म्हणतो कंपनीला विचारा. हिरव्या ठिपक्याचा अर्थ तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक, आणि मांसाहारी खूण गोलाची त्रिकोणी झाली तीही लोकांनी लगेच हेरली. मात्र हिरवा ठिपका दुधाबद्दल काही सांगत नाही, गव्हाबद्दल नाही, दाण्याबद्दल नाही. ज्या मुलाला दूध चालत नाही त्याची आई ठिपका बघून बिस्किट घेते, तेव्हा ती तिच्या हिशेबानं लेबल वाचूनच घेत असते.

ॲलर्जीचा म्हणावा असा जो फोन लक्षात राहिला, तो निगडी प्राधिकरणातल्या एका आजोबांचा. नातू सुट्टीला अमेरिकेहून आलेला, सुनेनं जाताना फ्रिजवर यादी चिकटवलेली. आजोबा भिंग घेऊन आमचं पाकीट वाचत होते. म्हणाले, “ताई, तुम्ही तर सगळंच लिहून ठेवलंय. आता खरं काय आहे ते सांगा.” मी भट्टीवर जाऊन विचारून आले आणि सांगितलं. पाकीट छापून आम्ही सुटलो होतो, आणि माहिती मिळायला त्यांना फोनच करावा लागला.

कँटीनमध्ये आल्यावर कळलं, की फोन करायलाही इथे नंबर नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यानं अडीचशेहून जास्त कामगारांच्या कारखान्याला कँटीन ठेवायला लावलं, तिच्या कमिटीत कामगारांचे प्रतिनिधीही बसवले. त्या कमिटीच्या बैठकांना मी जाते. चपाती गार असते, ताक पातळ असतं, बुधवारी अंडाकरीत अंडं एकच का, यावर तासभर होतं, आणि ते व्हायलाच हवं. ताटात काय काय आहे हा विषय अजेंड्यावर कधी नव्हता. नियमांत हॉटेलांचं वेगळं प्रकरण आहे, पण मेन्यूवर कॅलरी लिहिणं आणि ॲलर्जीची माहिती मिळेल अशी ठेवणं हे केंद्रीय परवानावाल्यांना किंवा दहा नि त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या साखळ्यांना. राज्याच्या परवान्यावर दोन-तीन कारखान्यांना जेवण पुरवणारा ठेकेदार त्यात बसत नाही. नाक्यावरची मेस नाही, वडापावची गाडी नाही.

कायदा ग्राहकाच्या हातात काहीच देत नाही असंही नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या ४०व्या कलमाखाली कोणीही विकत घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, फक्त घेतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. दोष निघाला तर फी परत मिळते. ६५व्या कलमात नुकसानभरपाई आहे, मृत्यू झाला तर किमान ५ लाख. हे सगळं वापरायला हातात बिल लागतं, पाकीट लागतं. आमच्या कामगाराच्या हातात असतं कूपन, आणि कूपनवर बॅच नंबर नसतो.

लेबल नसलेल्या अन्नाचा असाच प्रश्न इंग्लंडात एका मुलीच्या मृत्यूनं पुढे आला होता. नताशा नावाची पंधरा वर्षांची मुलगी २०१६ साली विमानतळावर घेतलेला सँडविचचा पाव खाऊन गेली. पावाच्या पिठातच तीळ होते, आणि दुकानातच बनवून गुंडाळलेल्या पदार्थावर घटक छापायची तेव्हा सक्ती नव्हती. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२१ पासून तिथे ती सक्ती आली. पदार्थ कुठे बनला यावरून लेबल लागतं की नाही हे ठरत होतं. खाणाऱ्याच्या शरीराला त्याचा काय पत्ता?

आमच्या स्वयंपाकघरात सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे दाण्याचं कूट. कोशिंबिरीत, वांग्याच्या भाजीत, मेथीत, ठेच्यात, रस्सा पातळ झाला तर रश्शात. ते भाजीत ‘घातलंय’ असं आचाऱ्याच्या डोक्यातच नसतं. विचारलं, “मामा, भाजीत काय काय आहे?” तर मामा कांदा, टोमॅटो, मसाला सांगतील, कूट सांगणार नाहीत. दुसरी वस्तू हिंग. बाजारातला पुडीचा हिंग निव्वळ हिंग नसतो. तो डिंक आणि पीठ घालून बांधलेला असतो, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं. सीलिॲकचा, म्हणजे ग्लूटेन न सोसणारा, माणूस चपाती टाळून, भात घेऊन, निर्धास्तपणे आमटी ओततो त्यावर. तिसरी पांढरी ग्रेव्ही. काजू महाग झाला की मगज येतं, मगज महाग झालं की शेंगदाणा. चव सारखी ठेवणं यातच आचाऱ्याचं कसब, त्यामुळे जिभेला पत्ता लागत नाही. बाहेर तर याहून पुढचे प्रकार. शेंगदाणे हिरवे रंगवून त्यांचे काप पिस्ता म्हणून विकणारे नागपुरात पकडले गेले होते. लोकांनी त्याकडे फसवणूक म्हणून पाहिलं, पैशाची. दाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसासाठी तो निराळाच गुन्हा आहे.

ताटात काय काय आहे ते शोधायच्या कामाला मला जुंपलं ते एका ट्रेनी मुलानं. लातूरकडचा, पहिलीच नोकरी. काउंटरवरच्या मावशींना तो रोज हळूच विचारायचा, “आज कशात कूट आहे?” मावशी डोळ्यांनी भांडी दाखवायच्या. मावशी सेकंड शिफ्टला गेल्या, की हा नुसता डाळ-भात आणि ताक. लहानपणी शेंगदाण्याचा लाडू खाऊन ओठ सुजले, श्वास लागला, रात्रीत दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हापासून घरात दाणा बंद. भरतीच्या फॉर्मवर ‘कोणती ॲलर्जी?’ याच्यापुढे त्यानं ‘नाही’ लिहिलं होतं. “आहे म्हणून लिहिलं आणि अनफिट केलं तर?” कंत्राटावर आलेल्या मुलाच्या या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी कारखान्याच्या ओएचसीत, म्हणजे आतल्या दवाखान्यात, गेले. तिथल्या डॉक्टरांनी नावं द्यायला नकार दिला, आणि बरोबर केलं. पण त्यांनी एका कागदावर पदार्थ लिहून दिले: दाणे, कोळंबी, दूध, अंडं, गहू. “एवढ्या गोष्टींचे लोक या गेटच्या आत आहेत, असं समजून चाला.” त्यांच्याकडे ॲड्रिनॅलिनच्या ॲम्प्यूल होत्या, घशाला सूज आली, दम कोंडला तर मांडीत तेच इंजेक्शन आधी, बाकी सगळं नंतर, हेही त्यांनी आमच्या सुपरवायझरला समजावलं. नाहीतर आमच्याकडे अंगावर गांध्या उठल्या की ‘पित्त झालं’ म्हणून कोकम सरबत देतात आणि माणसाला बाकावर आडवं करतात.

कागद घेऊन मी मामांकडे आले. मामा जुन्नरकडचे, हाताला चव, तोंड फटकळ. वेगळी पळी, वेगळं पातेलं, आधी बिनकुटाची भाजी काढायची आणि मग उरलेल्या भाजीत कूट, असं सगळं सांगितल्यावर म्हणाले, “मॅडम, पंधराशे ताटं आहेत. कोणाकोणाची सोयरीक सांभाळू?” मी गप्प बसले. दोन दिवसांवर एकादशी होती.

आळंदी-देहूच्या मधला हा भाग. लाइनवर रोबोट वेल्डिंग करतो आणि त्याच्यासमोर उभ्या ऑपरेटरच्या गळ्यात तुळशीची माळ असते. एकादशीला उपवासाचा काउंटर वेगळा लागतो, आणि त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघराची शिस्त कोणत्याही ऑडिटरनं येऊन बघावी. मामा आदल्या रात्री एक कढई राखेनं घासून उपडी घालतात. तेल नवं. झारा नवा. मीठ सैंधव, वेगळ्या डब्यात. बटाटे वेगळ्या पाटावर चिरायचे, कांद्याची सुरी तिकडे आणायची नाही. कोणी हेल्परनं रोजच्या पळीनं भगर ढवळली तर मामा ते पातेलं बाजूला काढतात, रागावतात आणि दुसरं चढवतात. आणि गिऱ्हाईक? एरवी भाजीत काय आहे हे न विचारणारे हेच कामगार वेफर्स घेताना थांबतात: “मामा, या तेलात आधी काय तळलं?” अंशाचा अंशसुद्धा नको, हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही. गिरणीतसुद्धा उपवासाची भाजणी टाकताना बायका विचारतातच की, आधी काय दळलं म्हणून. गव्हामागून त्याच गिरणीत ज्वारी दळून नेणाऱ्या सीलिॲकच्या घरात मात्र तो प्रश्न सुचत नाही.

त्या दिवशी काउंटर आवरल्यावर मी मामांना एवढंच म्हटलं, “त्या पोराचा उपवास रोजचा आहे, आणि तो मोडला तर त्याला प्रायश्चित्त घ्यायलाही वेळ मिळायचा नाही.” मामा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी कोशिंबीर बिनकुटाची आली, कूट शेजारी वाटीत, ज्याला हवं त्यानं घ्यावं. उपवासाचा झारा-पातेल्याचा संच आता रोज वापरात असतो, हिरवी पट्टी बांधून, आणि त्याला स्वयंपाकघरात ‘एकादशीची भांडी’च म्हणतात. यातली गंमत अशी, की खुद्द एकादशीला त्या मुलाची सगळ्यात पंचाईत व्हायची. साबुदाण्याच्या खिचडीत कूट, आमटी दाण्याची, लाडू दाण्याचा. आता भगर आणि बटाट्याची भाजी बिनदाण्याची असते, आणि ती घ्यायला उपवास नसलेलेही येतात.

स्टोअरमध्ये बदल किरकोळ केला. पिशवी फोडली, की मागचा घटकांचा तुकडा परवान्याच्या नंबरासकट कापायचा आणि डब्याला लावलेल्या प्लास्टिकच्या खिशात सरकवायचा. माल संपून नवा आला, की तुकडाही नवा. लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की कायद्याला पुरतं, मराठी ऐच्छिक आहे. आमचे हेल्पर ओडिशा, बिहार, नांदेड असे कुठकुठले, त्यामुळे फळ्यावर आम्ही अक्षरांसोबत चित्रं काढतो. शेंग, दुधाचा ग्लास, गव्हाची ओंबी. तीळ आपल्या यादीत नसले तरी फळ्यावर आहेत. एका जुन्या कामगारानं पहिल्या दिवशी फळा वाचून विचारलं होतं, “एवढं सगळं आधीपासूनच होतं का आमच्या जेवणात?” कारखान्याच्या एचआरला तो फळा फारसा आवडलेला नाही. बाहेरचे पाहुणे आले तर जेवणात काही खोट आहे असं वाटेल, असं त्यांचं म्हणणं. कंत्राटाच्या नूतनीकरणाला हा मुद्दा निघणार आहे, आणि प्लेटमागे दर वाढवून मागितलेला नसल्यानं आमची बाजू तशी बरी आहे.

मागच्या आठवड्यात हिंगाचा नेहमीचा माल आला नाही, दुसऱ्याच ब्रँडचा डबा आला. मामांनी तो फोडला नाही. व्यापाऱ्याला फोन लावून पीठ कशाचं आहे विचारलं. तो म्हणाला, हिंग आहे, पीठ कशाला असेल. मामांनी त्याला डब्याच्या मागचा फोटो पाठवायला सांगितला, कारण आमच्या डब्यावर नेमक्या त्याच जागी दराचं स्टिकर चिकटवलं होतं. फोटो आला तो धूसर. त्या दिवशी आमटीला जिरं-लसणाची फोडणी गेली, आणि डबा गुरुवारच्या सुट्टीनंतर परत करायच्या मालात ठेवला.